अर्धी तपासणी

कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या पंचक्रोशीतील गरोदर बाई दवाखान्यात निघाली की तिच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड असतेच. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी यांच्या जोडीने एचआयव्ही आणि उपदंशाची नोंदही त्याच कार्डावर व्हायची असते. बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, पट्टीवर रेष उमटते किंवा उमटत नाही, नर्सबाई निकाल लिहितात, आशाताईंच्या यादीतले एक काम हातावेगळे होते. सरकारी हिशेबात तपासणी पूर्ण झाली. आमच्या मते ती अर्धीच झाली, कारण बहुधा ती एकदाच होते आणि दोघांपैकी एकाचीच होते. गरोदरपणातील लैंगिक आजारांच्या तपासणीवर जे काही बोलायचे ते या अर्धेपणावर बोलायला हवे.

उपदंश, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची ‘गरमी’, हा काही नवा पाहुणा नव्हे. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘फिरंग’ या नावाने त्याची नोंद केली. १९०५ मध्ये जंतू सापडला, पुढच्याच वर्षी रक्ताची चाचणी आली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे दिसले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे सात लाख बाळांना हा आजार आईच्या पोटातच झाला. उपचार न झालेल्या उपदंशात निम्म्या किंवा त्याहून अधिक गरोदरपणांचा शेवट वाईट होतो: गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा आजार घेऊन जन्मलेले मूल. ते मूल जन्मतः धडधाकटही दिसू शकते. हाडे, डोळे, कान यांवरचा घाला पुढे कळतो. आणि उपाय काय, तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन. संसर्ग ताजा असेल तर एकदा. कधीचा आहे ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. अट एवढीच की उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हावा. क्युबाने २०१५ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही व उपदंश निर्मूलनाच्या पातळीवर आणला. उलट श्रीमंत अमेरिकेत जन्मजात उपदंशाची बाळे दहा वर्षांत दसपटीहून अधिक वाढली आणि २०२२ मध्ये ३,७०० च्या वर गेली. त्यांतली दहापैकी जवळपास नऊ बाळे वेळेवर तपासणी व उपचाराने वाचवता आली असती, असे तिथल्याच सरकारी यंत्रणेने म्हटले. पैसा असून उपयोग नाही, बाई हातातून निसटता कामा नये, हा त्याचा अर्थ.

‘आमच्याकडे असले काही नसते’ हा पहिला आक्षेप. गरोदर बायकांमध्ये या आजारांचे प्रमाण कमी आहे, हे खरेच. पण ‘नसते’ हे कळते कसे? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. जवळपास निम्म्या जणींची काही तक्रारच नव्हती. म्हणजे ‘अंगावरून पांढरे जाते’ असे बाईने धीर करून सांगेपर्यंत थांबायचे आणि मग लक्षणांवरून गोळ्यांचे पाकीट द्यायचे, ही पद्धत निम्म्या बायकांपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा पुरावा पुण्याचा. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध केवळ नवऱ्याशी होता. ‘गुप्तरोग’ हा आपला शब्दच पाहा; आजाराआधी तो बाईचे तोंड बंद करतो.

आता ‘एकदाच’ची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात केलेली चाचणी सहाव्या महिन्यातल्या संसर्गाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय आपल्याकडे बाई एका जागी राहत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण दुसऱ्याच तालुक्यात, अडचण झाली तर थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. कन्नड तालुक्यातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीला घर सोडतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. पोट वाढते ते फडात आणि कोपीत. अशा बाईची पहिली चाचणी गावात झाली असली, तरी तीनपैकी दुसरे इंजेक्शन कोण देणार आणि ते चुकले हे कळणार कोणाला? म्हणून शेवटच्या तिमाहीत दुसरी चाचणी, ती राहिली तर प्रसूतीच्या टेबलावर चाचणी, आणि कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला आधीच गेलेला निरोप, हे नेमाचे काम व्हायला हवे. बाई दारात येईल तेव्हा बघू, हे धोरण नव्हे.

‘एकाचीच’ची गोष्ट अधिक अवघड. बाईवर उपचार केले आणि नवऱ्याला सोडले, तर ती बरी होऊन पुन्हा त्याच्याकडूनच आजारी पडते. इथे रास्त आक्षेप येतो: निकाल घरी कळला तर सगळे खापर तिच्या माथी फुटेल, मारहाण होईल, माहेरी धाडतील. ही भीती कल्पनेतली नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे; जोडीदाराला सांगण्याने स्त्रीवर हिंसा ओढवण्याचा रास्त संशय असेल तर न सांगण्याची मुभाही दिली आहे. ती जपलीच पाहिजे. पण आज रक्त आधी तिचेच काढले जाते, म्हणून घरात ‘आजार आणणारी’ही तीच ठरते. पहिल्याच भेटीत दोघांना बोलावले, दोघांच्या संमतीने दोघांची चाचणी केली, तर बोट दाखवायला निदान ती एकटी उरत नाही. जबरदस्ती नको, नवऱ्याला बोलावणे हा मात्र रिवाज व्हावा.

राहिली पेनिसिलिनची धास्ती. रिअॅक्शन येईल म्हणून खालचा दवाखाना वरच्या दवाखान्याकडे पाठवतो, आणि तेवढ्यात प्रसूतीआधीचे ते ३० दिवस निघून जातात. गंभीर रिअॅक्शन अत्यंत विरळा असते, तिला तोंड देण्याचे औषध हाताशी ठेवता येते, आणि पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोहोचणारा दुसरा पर्याय नाही. तेव्हा जिथे चाचणी तिथेच, त्याच दिवशी पहिले इंजेक्शन, हा नियम जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने घालून द्यावा. आणि दरमहा आढाव्यात किती चाचण्या झाल्या एवढेच न विचारता किती जोडप्यांचा उपचार पुरा झाला, हे विचारावे. त्याला नवी योजना लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी २०१६ पासून सुरूच आहे. त्या दिवशी बायकोला सोडून फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून राहणाऱ्या नवऱ्याला आत बोलवा. त्याच्यासाठीही एक पट्टी काढून ठेवा.