'तारून नेणारा' अभिनय : एका समीक्षावाक्याचा प्रतिवाद

गंभीर प्रकृतीच्या मराठी कौटुंबिक चित्रपटावर लिहिताना आपल्या समीक्षकांच्या हाती एक वाक्य तयारच असते : 'कलावंतांच्या समर्थ अभिनयाने चित्रपट तारून नेला आहे.' वाक्य गौरवाचे दिसते. वस्तुतः ते अभिनयाचा अवमान करणारे आहे. संहिता हा देह आणि अभिनय हा अलंकार, असे त्यात गृहीत धरलेले असते. कवितेबाबत आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत आपण केव्हाच नाकारले; चित्रपटाचा प्रश्न येताच ते मागील दाराने पुन्हा आत घेतो.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) या संदर्भात पाहावा. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री (मोहन आगाशे) मुलीच्या मोटारीतून उतरून एका हत्तीमागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतात. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला दोन सन्मान मिळाले : संवादांसाठी सुमित्रा भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून, विभागून, अमृता सुभाष यांना. माझे म्हणणे असे की, हे दोन सन्मान परस्परपूरक नाहीत. ते एकमेकांशी वाद घालतात.

संवाद स्मृती, ज्ञान आणि 'मी'पण यांची मीमांसा करतात. ती सुशिक्षित मध्यमवर्गीय घराची भाषा आहे. इरा (इरावती हर्षे) आपल्या अपराधभावाचा हिशेब त्याच भाषेत मांडू पाहते. उलट माहुताची पत्नी चन्नम्मा कन्नड बोलते. पंडिताची विद्या तिच्यापर्यंत कधी पोहोचलेली नाही, आणि आता ती त्याच्यापाशीही उरलेली नाही. तो तिला आई मानतो. ती ते नाते पत्करते. येथे अर्थ शब्दांतून नव्हे, दोन देहांच्या सान्निध्यातून सिद्ध होतो.

यावर आक्षेप संभवतो : गरीब स्त्रीला उपजत माता ठरवणे हा मध्यमवर्गाचाच सोयीस्कर भ्रम नव्हे काय? आक्षेप रास्त आहे; पटकथा त्या धोक्याच्या अगदी जवळून जाते. परंतु अमृता सुभाष यांची चन्नम्मा देवता होत नाही. ती पोटासाठी वणवण करणारी, एका आगंतुकाचा भार उचलणारी बाई राहते. म्हणजे पटकथेची चिकित्सा अभिनयच करतो. त्याला 'तारणे' म्हणणे ही वैचारिक आळसाची खूण होय.

भिवंडीतील नारपोलीत यंत्रमागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत. ओठ, भुवया, हातवारे यांवर व्यवहार चालतो. मराठी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू तेथे शेजारी नांदतात. त्या वस्तीतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना चन्नम्मा समजावून सांगावी लागली नाही. पंडिताच्या घरातील चर्चा मात्र सांगाव्या लागल्या. ज्या समीक्षेला केवळ उच्चारित शब्दच संहिता वाटतो, ती अशा वाचकांना निरक्षर ठरवते. प्रश्न केवळ रसग्रहणाचा नाही. कोणाचे आकलन ज्ञान म्हणून मान्य करावयाचे, याचा आहे.

भरताने आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असा चतुर्विध अभिनय सांगितला. वाचिक हा त्यांतील एक. 'अभिनय' शब्दाच्या मुळाशी 'नी' धातू आहे : अर्थाला प्रेक्षकाच्या अभिमुख नेणे. अभिनय चित्रपटाला तारून नेत नाही. तो अर्थ घेऊन येतो. तो वाचण्याची सिद्धता आपल्यापाशी नसेल, तर बुडते ती समीक्षा.