काळजीला कामाला लावू या

२२ जुलै २०२१. चिपळूणला मामूंच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला, तेव्हा मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसलो होतो. फोन लागत नव्हता. हातात होते ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ. मामू-मामी सुखरूप आहेत हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण पुढे कित्येक महिने जोराचा पाऊस आला की मला झोप लागायची नाही. मध्यरात्री उठून तापमानाचे आलेख आणि वादळांचे नकाशे बघत बसायचो. माहिती वाढत गेली, तसं छातीवरचं ओझंही वाढत गेलं.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. ५९ टक्के तरुणांना हवामानबदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जणांच्या रोजच्या जगण्यावर तिचा वाईट परिणाम होत होता. आपल्या घरांत मात्र अशा मुलाला "अल्लाह मालिक है, एवढा विचार करू नकोस" असं सांगून गप्प केलं जातं. काळजीचं कारण खरं असताना ती अशी दाबून जात नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मोठा बिघाड झाला की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो : यातला कोणता भाग आपल्या हातात आहे? हाच प्रश्न घेऊन चिपळूणहून थोडं उत्तरेला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊ या.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ही अंडी लोक काढून खात, विकत. उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी फिरत असताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून काम सुरू झालं. संस्थेने गावाला सोबत घेतलं. अंडी शोधणारेच राखणदार झाले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांमध्ये उतरू लागले आणि कासव जगण्यात गावाचाही फायदा दिसू लागला.

काम साधं आहे. हंगामात पहाटे किनारा चालायचा. मादीच्या पावलांचा माग काढून घरटं शोधायचं. शंभरेक अंडी जपून उचलायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. ती वाळूवर सोडली की आपापली समुद्राकडे चालू लागतात.

या कामात मन का सावरतं? कारण पहाटे उठावं लागतं, सोबत माणसं असतात आणि आपण केलेलं डोळ्यांना दिसतं. मध्यरात्रीच्या मोबाइलमध्ये यातलं काहीच नसतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मराठी सिनेमा 'कासव' हेच दाखवतो : नैराश्यात बुडालेला एक तरुण आणि कोकण किनाऱ्यावर कासवं जपणारी माणसं. अर्थात झोप आणि भूकच उडाली असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. त्यात लाज कसली?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कासवं वाचवून पृथ्वीचं तापमान उतरणार नाही. उलट तापमानवाढ त्या खड्ड्यापर्यंत पोहोचलेली आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली तर माद्याच जास्त होतात आणि फारच तापली तर अंडी मरतात. म्हणून कोळसा, वीज, शहरांचं नियोजन यावर सरकारला प्रश्न विचारणं सुटत नाही. पण ज्याने वाळूत हात घातलेत, तो हे प्रश्न जास्त नेमके विचारतो आणि लवकर थकत नाही.

आता आपल्याबद्दल. कोकण किनाऱ्यावर आपल्या समाजाची अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगतात. त्यांच्या जाळ्यात कासव अडकतं तेव्हा जाळं कापायचं की नाही, हा हजारो रुपयांचा प्रश्न असतो. राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी योजना आणली : संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी फोटो हवेत, अर्ज हवा, सरकारी कार्यालयात पाठपुरावा हवा. समुद्रातून थकून आलेल्या चाचांना हे जमत नाही. आपल्याला जमतं. सुट्टीत गावी गेल्यावर एका चाचांचा एक अर्ज भरून दिला, तरी पुढच्या वेळी कासव सोडताना त्यांचा हात अडखळणार नाही. जुम्याच्या नमाजनंतर जमातीत दहा मिनिटं मागून ही योजना समजावून सांगता येईल.

कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमत असल्यास ते लावून टाका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. रोप मोठं होईल का, हा हिशेब तिथे मागितलेला नाही.

कोकणात कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधी दोन मित्र गाठा आणि गावी एक फोन करा : "चाचा, जाळ्यात कासव येतं का हो?" सुरुवात तिथून होईल.