हिवाळ्यापुरते निसर्गप्रेम

दर हिवाळ्यात आपल्यापैकी बरीच मंडळी मुंबईकडच्या नातलगांसोबत ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जातात, तिवरांमधल्या निसर्गवाटेवर छायाचित्रे काढतात, होडीतून रोहित पक्षी पाहतात आणि परतल्यावर महिनाभर त्याच गोष्टी सांगतात. त्याबद्दल तक्रार नाही. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, याचा आनंद मलाही आहे. परंतु याच मंडळींपैकी एका स्नेह्यांनी मागल्या उन्हाळ्यात डुमसच्या वाटेवर खाडीकाठच्या खाजणाकडे बोट दाखवून म्हटले, "केवढी जमीन पडीक ठेवली आहे!" माझे भांडण या 'पडीक' शब्दाशी आहे.

आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने या बाजूला आले. आपण कोरडवाहू मुलखाची माणसे. जिथे नांगर चालत नाही ती जमीन वाया गेली, हा हिशेब आपल्या हाडीमाशी खिळला आहे. महसूल खात्याचाही तोच हिशेब. त्याने तर 'खराबा' असा शब्दच करून ठेवला. वास्तविक बारडोली-पलसाणा भागातून वाहणारी आपली मिंढोळा ज्या खाजणातून समुद्राला मिळते, ते पाहायचे तर जानेवारीची एक सकाळ पुरत नाही.

त्या बाजूच्या बांधांवरून मी गेली कित्येक वर्षे बारमाही चालतो आहे. पावसाळ्यात तिथे पाहण्यासारखे काही नाही, असे सांगणाऱ्याने पावसाळ्यात तिथे पाऊलच टाकलेले नसते. तिवराचे बी झाडावर असतानाच रुजू लागते. श्रावण-भाद्रपदात फळ गळते आणि चिखलात टेकताच थोड्या दिवसांत मूळ धरते. याच दिवसांत उत्तरेकडून तुतवार आणि चिखल्या उतरू लागतात. हिवाळ्याचे काय सांगावे. तो सर्वांनीच पाहिला आहे. मात्र वैशाखात, जमीन भेगाळून वर मिठाची साय धरते, तिवराने पानांवाटे टाकलेले मीठ उन्हात चमकते, आणि माणसाला 'येथे काही नाही' अशी खात्री पटते, नेमके तेव्हाच शेकाट्या आणि टिटव्या त्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आपल्या स्नेह्यांना पडीक दिसलेली जमीन ती हीच.

कायद्याचीही नजर फारशी वेगळी नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठासाठी व मत्स्यशेतीसाठी बांधलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळल्या. शेकाट्याला अर्थातच हा भेद कळत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, की माणसांना घरे आणि रोजगार नकोत काय? हवेतच. आपण स्वतः रोजगारासाठीच येथे आलो. पण ऑगस्ट २००६ चा पूर आपण विसरलो काय? उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडवला, तेव्हा चलथाणच्या कित्येक घरांत सुरतेचे नातलग उतरले होते. नदीचे पाणी भरतीच्या वेळी मुखाशी अडते, आणि खंभातच्या आखातातली भरती साधीसुधी नव्हे. पाण्याला पसरायला जागा हवी. ती जागा भराव घालून विकायची आणि मग पुराला दैवी कोप म्हणायचे, हा हिशेब मला तरी समजत नाही. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत तापी आणि मिंढोळा दोन्ही होत्या; आपल्या किती बैठकांत त्याचा उल्लेख निघाला?

'हा समुद्र काही आपला नव्हे, आपण इथले पाहुणे' असेही कुणी म्हणतात. चार पिढ्या येथल्या विहिरीचे पाणी पिऊन पाहुणे? असो.

यंदाची सहल ऐरोलीला न नेता मे महिन्यात डुमसच्या बाजूला न्यावी, असा प्रस्ताव मी वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे. चालायचे ते बांधावरूनच, घरट्यांपासून दूर, ओहोटीची वेळ पाहून. पाणी आणि टोपी ज्याची त्याने आणावी.