बोटभर शिपाई आणि घरातला अबोला



या महिन्यात तुमसरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मोठा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षभरापासून तो प्लॅस्टिकचे बोटभर उंचीचे शिपाई, राक्षस, पंखवाले प्राणी मागवतो आणि रात्री दिव्याखाली बसून रंगवतो. दादी म्हणतात, घरात बुत आणून ठेवले, आता फरिश्ते कसे येतील? अब्बांचे फर्निचरचे छोटे दुकान आहे. ते म्हणतात, एका डब्याच्या पैशात घरचा महिन्याचा किराणा आला असता. मुलगा उत्तर देत नाही, दार लावून घेतो. भगिनी विचारतात, "सगळे उचलून फेकून देऊ का? एकदाची कटकट मिटेल."

आपा, फेकू नका. कटकट मिटणार नाही, फक्त दार कायमचे बंद होईल. आधी तो करतो काय, ते पाहू.

हा टेबलावरच्या लढाईचा खेळ आहे. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचे, नियमाप्रमाणे सैन्य पुढे सरकवायचे. त्याची मुळे जुनी आहेत. प्रशियाच्या लष्कराने 1824 मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा असाच खेळ स्वीकारला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकातून मांडले. खरे युद्ध किती भयंकर आणि मूर्खपणाचे असते, त्यापेक्षा हे खेळण्यातले बरे, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. राक्षस आणि जादूगार असलेला आजचा प्रसिद्ध खेळ म्हणजे वॉरहॅमर. तो 1983 चा. तो काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी 1975 मध्ये तीन मित्रांनी लंडनमध्ये सुरू केली, आणि सुरुवातीला ते लाकडी खेळपाट बनवून विकत. आज ती नॉटिंगहॅमहून चालते आणि डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या 100 कंपन्यांत गेली. म्हणजे आपल्या मुलाला लागलेले वेड त्याच्या एकट्याचे नाही.

गंमत अशी की यातली बरीच माणसे खेळतात थोडे आणि रंगवतात जास्त. शिपाई साधारण 28 मिलिमीटरचा. तो सुट्या तुकड्यांत येतो. तुकडे कापायचे, साच्याची रेघ खरवडायची, साबणाच्या पाण्याने धुऊन जोडायचे. मग प्रायमरचा हात. मग दुधासारखा पातळ केलेला रंग, एक थर वाळल्यावर दुसरा. त्यानंतर गडद पाणीदार रंग फिरवला की तो घड्यांत, खाचांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. घाई केली की रंगाचा गोळा होतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. ज्या मुलाचा अंगठा दिवसभर मोबाइलवर सरकत असतो, तो तीन-तीन तास श्वास रोखून डोळ्याएवढ्या जागेत रंग भरतो. सब्र शिकवायला आपण एरवी किती बोलतो!

आता दादींच्या बोलण्याकडे येऊ. ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी सांगितलेली गोष्ट हदीसमधली आहे आणि त्यांची काळजी दीनची आहे. पण हदीसच्या ग्रंथांत आणखी दोन प्रसंग आहेत, तेही घरात वाचले जावेत. अबू दाऊदमध्ये येते की वाऱ्याने पडदा सरकला आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषित (सल्ल.) यांनी विचारले, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? त्यावर प्रेषित (सल्ल.) मनमोकळे हसले. दुसरा प्रसंग बुखारीत आहे. चित्रे बनवून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी त्याला चित्रांबद्दलचा इशारा ऐकवला. तो घाबरला, तेव्हा वाटही दाखवली: करायचेच असेल तर झाडे आणि ज्यांत जीव नाही अशा वस्तू कर.

यावरून मुलांच्या खेळण्यांना सूट आहे, असे बऱ्याच उलेमांनी म्हटले आहे. सूट कुठपर्यंत, याबद्दल मतभेद आहेत. आपला मुलगा आता लहान नाही, आणि कपाटात सजवून मांडणे ही खेळण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, हेही खरे. निर्णय या पानावरून घेऊ नका. आपल्या मशिदीतल्या जाणत्या आलिमांकडे मुलाला सोबत घेऊन जा आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणूस सहसा पाळतो. तोवर शिपाई डब्यात राहू द्यात, नमाजच्या खोलीत नकोत, म्हणजे दादींचाही मान राहील.

आपल्या कारागिरांनी ही अडचण कशी सोडवली, तेही पाहण्यासारखे आहे. बुद्धिबळ हाही सैन्याचाच खेळ. तो हिंदुस्थानातून इराणात गेला आणि तिथून अरबांकडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इराणमधल्या निशापूरचा 12 व्या शतकातला एक संच आहे. त्यात कुणालाही चेहरा नाही. राजा म्हणजे सिंहासनाचा आकार, हत्ती म्हणजे सुळ्यांची दोन टोके, घोड्याच्या डोक्याच्या जागी एक तिकोनी उंचवटा. तरी खेळणाऱ्याला सगळे ओळखू येते.

अब्बांचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो चुकीचा नाही. परदेशी कंपनीचा एक डबा काही हजारांत जातो, आणि डब्यामागून डबा आणण्याची चटक लागते. न रंगवलेल्या शिपायांचा ढीग साचणे हा या छंदाचा जगभरचा रोग आहे. तेव्हा घरात एक नियम ठरवा: हातातले पूर्ण झाल्याशिवाय नवे नाही, आणि नवे स्वतःच्या कमाईतून. रंग मात्र महागडे लागत नाहीत. स्टेशनरीच्या दुकानातले साधे अॅक्रिलिक, 0 आणि 1 नंबरचे दोन चांगले ब्रश, आणि टिफिनच्या झाकणात ओल्या कापडावर बटर पेपर ठेवला की रंग तासन्‌तास ओला राहतो. जमिनीसाठी फेविकॉलवर वैनगंगेची चाळलेली रेती.

दोन गोष्टी जपा. जुने धातूचे शिपाई कुणी स्वस्तात देऊ केले तर सावध राहा. 1990 च्या दशकापर्यंत त्यांत शिसे असणे नेहमीचे होते. ते घासले की विषारी भुगा उडतो, आणि घरात लहान मुले आहेत. दुसरे, ब्रशचे टोक ओठांनी करण्याची सवय मोडा. स्प्रेचा रंग गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून मारावा. आणि रात्रीचे जागरण फज्रच्या नमाजवर येत असेल, तर ब्रश इशाच्या आधी धुतला गेला पाहिजे. यावर सवलत नको.

आता माझी एक सूचना. हे सैन्य लढते कुठे? टेबलावरचे डोंगर, झाडे, तटबंदी, पडके वाडे करणे हा या छंदाचा अर्धा भाग आहे, आणि इब्ने अब्बास (रजि.) यांनी दाखवलेल्या वाटेत तो सहज बसतो. तुमच्याच तालुक्यात अंबागड आहे. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंदशहा यांचे सुभेदार राजाखान पठाण यांनी तो 1700 च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत. मुलाला म्हणा, विकतचा किल्ला नको, हा कर.

हिशेब सोपा आहे. 28 मिलिमीटरच्या शिपायासाठी सगळे साधारण 60 पट लहान करावे लागते. 6 मीटरची भिंत 10 सेंटिमीटरची होते. पूर्ण गड टेबलावर मावणार नाही, एक दरवाजा आणि एक बुरूज पुरे. त्यासाठी गडावर जाऊन टेपने मोजावे लागेल, आणि टेप धरायला दुसरा माणूस लागतो. तो माणूस अब्बा असावेत. दुकानात प्लायवूडचे तुकडे आहेत. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत होते. थर्माकोल वापरायचा तर त्यावर स्प्रे मारू नये, तो विरघळतो. लाकूड कसे कापावे हे अब्बांइतके त्याला कोण शिकवणार? आणि तान्ह्या पोळ्याला गल्लीतली लेकरे लाकडी बैल मिरवत बोजारा मागत येतात, तेव्हा त्यातला रंग कुठे कच्चा राहिला हे अब्बांना एका नजरेत कळतच असेल. तीच नजर मुलाच्या टेबलाकडे एकदा वळू द्या.

आपा, मुलगा वाईट संगतीत नाही, व्यसनात नाही, घरातच आहे. छंदाला मर्यादा घालणे हे आईबापांचे काम आहे, पण मर्यादा त्याच्यासोबत बसून ठरवायची असते, त्याच्या पाठीमागे डबा उचलून नव्हे. आज असरनंतर त्याच्या खोलीत चहा घेऊन जा आणि एवढेच विचारा, "यातला सर्वांत अवघड कोणता होता?" पुढचे तोच बोलेल, इन्शाअल्लाह.