डीएनए लस आणि थकलेल्या टी-पेशी

ऑगस्ट २०२१मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या ‘झायकोव्ह-डी’ या कोविडवरील डीएनए लशीला भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि डीएनए लस माणसांसाठी प्रत्यक्ष वापरात येऊ शकते हे दिसून आले. मग हेच तंत्र वापरून जुनाट हिपॅटायटिस बी बरा का करता येऊ नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. परंतु निरोगी माणसाला संसर्गापासून वाचवणे आणि जडलेला संसर्ग घालवणे ही प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने दोन निराळी कामे आहेत.

जन्माच्या वेळी आईकडून या विषाणूची लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. प्रौढपणी लागण झाली तर हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. कायम संसर्गात यकृतपेशी विषाणूच्या आवरणावरील प्रथिन, म्हणजे पृष्ठभाग-प्रतिजन, वर्षानुवर्षे रक्तात सोडत राहतात. या सततच्या माऱ्यामुळे त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी एकतर नाहीशा होतात, किंवा त्यांच्यावर पीडी-१सारखे निरोधक ग्राही वाढून त्या थकतात. अशा शरीरात लशीचे प्लाझ्मिड, म्हणजे प्रतिजनाचे जनुक वाहणारे डीएनएचे वर्तुळ, स्नायूपेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचून तेच प्रतिजन बनवू लागले, तरी त्याला प्रतिसाद देणाऱ्या सक्षम पेशीच फारशा शिल्लक नसतात.

१९९०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी पृष्ठभाग-प्रतिजन स्वतःच बनवणाऱ्या जनुकपरिवर्तित उंदरांच्या रक्तातून डीएनए लशीच्या साह्याने ते प्रतिजन हटवून दाखवले. निष्कर्ष महत्त्वाचा होता. मात्र त्या उंदरांना विषाणूची लागण झालेली नव्हती, आणि माणसाच्या यकृतपेशींच्या केंद्रकात ठाण मांडून बसणारा विषाणूचा वर्तुळाकार डीएनए त्यांच्यात नव्हताच. पुढे फ्रान्समध्ये औषधांवर असलेल्या ७० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका लशीने कमी झाला नाही.

याहून अधिक शक्तिमान लस बनली, तरी चिंतेचे एक कारण उरते. यकृताची हानी मुख्यतः विषाणू करत नाही, तर संसर्गित पेशींवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी करतात. यकृताचा मोठा भाग संसर्गित असताना त्या एकाएकी जाग्या झाल्या, तर लशीचे यश हेच यकृतदाहाचे कारण ठरू शकते.

म्हणून मला सर्वांत मोठी भीती अवेळी निर्माण होणाऱ्या आशेची वाटते. लस येणारच आहे अशा समजुतीने एखाद्या रुग्णाने विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरच्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर विषाणू पुन्हा उसळतो, आणि सिरॉसिस झालेल्या यकृताला तो आघात पेलवेलच असे नाही. दुसरीकडे, प्रथिनापासून बनवलेली आजची लस जन्मानंतर २४ तासांत टोचली, तर कायमच्या संसर्गाकडे जाणारी वाट बव्हंशी सुरुवातीलाच बंद होते. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. परंतु घरी झालेल्या बाळंतपणात हे पहिले २४ तास सहज निघून जातात, आणि त्यात लागण झालेल्या बाळाला देता येईल अशी कोणतीही उपचारात्मक लस आज हाताशी नाही.