फ्यूज उडतो तो कोणाच्या दोषाने?



दिवेलागणीला घरात अंधार झाला की आपण काय करतो? बोर्डावरचा फ्यूज उपसतो, जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तीन-चार तारा पिळून त्यात घालतो आणि म्हणतो, "आता बघू कसा उडतो!" खरेच उडत नाही. मग भिंतीतली वायर तापते, जळते. घराला लागून कडब्याची गंज असली तर वर्षाची वैरणही जाते.

फ्यूज हा राखणदार. तो आधी जळावा म्हणूनच त्याची तार बारीक असते. 5 अँपिअरची तार साधारण 0.2 मिलिमीटर, 15 अँपिअरची 0.5. कोणती घालायची याचा हिशेब सोपा आहे. वस्तूच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना 230 ने भागा. 100 वॅटचा टीव्ही अर्धा अँपिअरही घेत नाही. 1000 वॅटची इस्त्री सव्वाचारच्या वर घेते, पाणी तापवायची 1500 वॅटची कांडी साडेसहा. दोन्ही एका लाइनीवर लावल्या की 11 अँपिअर झाले. 5 चा फ्यूज उडणारच, उडायलाच हवा. कांडीला वेगळी जाड वायर, 16 अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग द्या. फ्यूज बदलताना आधी मेन स्विच बंद करा.

पण सगळा दोष घरातल्या कांडीवर ढकलून वीज कंपनीला मोकळे सोडू नका. 63 केव्हीएची डीपी एका फेजला सुमारे 84 अँपिअर देते. 5 अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार साडेसात अँपिअर घेते. म्हणजे मोटारी फार तर अकरा, त्याही घरे सोडून. त्याच डीपीवर पंधरा मोटारी जोडल्या तर फ्यूज रोज जाणार, व्होल्टेज पडणार. व्होल्टेज पडले की मोटार जादा अँपिअर ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. ते भरून द्यायचे कोणी? शेतकऱ्यानेच.

दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला 1320 मेगावॅटचे केंद्र उभे आहे. तिथला धूर आपल्या वाट्याला, आणि पुरेशा व्होल्टेजची वीज? 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली. मला तिची धास्तीच वाटते. फुकट दिलेल्या मालाची तक्रार कोण ऐकून घेतो?

म्हणून प्रत्येक डीपीवरच्या मोटारींची अश्वशक्ती कागदावर मांडा. आकडा टाकलेला असेल तर तोही धरा, हिशेबात लबाडी नको. बेरीज डीपीच्या ताकदीबाहेर गेली तर उपविभागाच्या कचेरीत लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. डीपीवर चढून फ्यूज घालणे हे आपले काम नव्हे, त्यात माणसे जातात; वायरमनलाच बोलवा, चार दिवस लागले तरी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तो कागद आणि पोच बरोबर आणा.