दहा पौंडांची अट

टाळू दुभंगलेल्या बाळाला आईचे दूध ओढता येत नाही. ओढण्यासाठी लागणारी निर्वात पोकळी तोंडात तयारच होत नाही. दूध नाकावाटे बाहेर येते आणि बाळ बरीचशी हवाच गिळते. मग दूध काढून, बाळाला उभे धरून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थेंबथेंब पाजावे लागते. एका वेळेस अर्धा तास धरला आणि दिवसातून आठ वेळा पाजले, तरी चार तास झाले. या श्रमाची नोंद कोणत्याही हजेरीपुस्तकात होत नाही.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी शल्यचिकित्सकांचा एक जुना दंडक आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, हिमोग्लोबिन दहा. टाळूची शस्त्रक्रिया त्यानंतर, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. भूल सोसण्याइतकी शक्ती बाळात हवीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु हे दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, उल्हासनगरच्या एका खोलीत कोणी भरून काढावयाचे? तेथील जीन्सच्या धंद्यात धागे कापण्याचे काम बायका घरी बसून नगावर करतात. हात बाळात गुंतला की नग थांबतो, आणि नगाबरोबर पैसा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली. पण ती आस्थापनेच्या पटावरील स्त्रीला. घरी धागे कापणारीने रजेचा अर्ज कोणत्या मालकाकडे करावा?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. दुभंगलेले ओठ व टाळू त्या कार्यक्रमाच्या यादीत आहेत. योजना चांगली आहे, आणि शस्त्रक्रियाही मोफत होऊ शकते. मात्र शासनाचा पैसा टाक्यांपासून सुरू होतो. टाक्यांपर्यंत पोहोचण्याचे महिने आईच्या खात्यावर पडतात. बदलापूरहून परळचे बालरुग्णालय गाठावयाचे तर सकाळच्या गर्दीच्या लोकलने, बाळ छातीशी आणि बोंडले पिशवीत. त्या दिवसाची कमाईही बुडते.

यावर कडी म्हणजे शेजारणी विचारतात, ग्रहणात काय चिरले होतेस? आनुवंशिकता, गरोदरपणातील पोषण, तंबाखू, अशी अनेक कारणे संभवतात. ग्रहण त्यांत नाही. असे विचारणाऱ्यांत आपल्या सभांना येणारी माणसेही असतात, हे कबूल करावयास हवे.

घरकाम उद्योगातील मातेला अशा बाळाच्या शस्त्रक्रियेपर्यंत निर्वाह भत्ता मिळाला पाहिजे, ही आमची मागणी आहे. पाजण्याची रीत शिकविणारी परिचारिका उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील सरकारी रुग्णालयांतच हवी. त्यासाठी परळ कशाला? हृदयाच्या जन्मजात दोषामुळे पिताना दमणाऱ्या बाळांनाही तिचा उपयोग होईल. तोवर शाखांनी आपापल्या वस्तीतील अशा घरांची विचारपूस करावी, आणि त्या बाईची इच्छा असेल तर परळच्या फेरीला एका कार्यकर्तीने तिच्याबरोबर जावे.